थंडीत सुरू न होणारे गवत-कापणी यंत्र

जालना, अंबड, घनसावंगी व बदनापूर या तालुक्यांत मोसंबीच्या बागा पुष्कळ आहेत, व जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन लाभले आहे, हे वाचकांस विदित आहेच. या झाडाच्या अन्न शोषणाऱ्या मुळ्या जमिनीच्या वरच्या थरात पसरलेल्या असतात. खोल नांगरटीने त्या तुटतात. सबब जाणते कास्तकार हल्ली बागेतील गवत नांगरून न काढता कापून झाडाखालीच आच्छादन म्हणून पसरतात. या कामासाठी लहान पेट्रोल इंजिनाची यंत्रे, चाकांवर ढकलावयाची व खांद्यास अडकवावयाची, अशी दोन्ही तऱ्हेची, गावोगाव आली आहेत.

मृग बहर धरलेल्या बागांस हिवाळाभर पाणी चालू असते, आणि आंबे बहराच्या बागांत ताण सोडल्यावर जानेवारीत पाणी फिरते. म्हणजे गवत माजते ते नेमके थंडीत. त्या दिवसांत आपल्याकडे पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरतो, आणि यंत्र अडून बसते. मजूर बांधावर खोळंबतात, दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, व अखेर यंत्र गाडीवर घालून शहरातील कारागिराकडे न्यावे लागते. तेथे पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते, आणि यंत्र पहिल्याच ओढीस सुरू होते! अशा वेळी कारण न शोधता कार्बोरेटर बदलून घेणे म्हणजे रोग एक आणि औषध भलतेच, असा प्रकार होय.

कारण काय?

इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात: हवेत मिसळलेली पेट्रोलची वाफ, तिजवर दट्ट्याने दिलेला दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. पेट्रोल द्रवरूपात पेट घेत नाही. त्याची वाफ व्हावी लागते. थंड धातूवर ते थेंबांच्या रूपानेच चिकटून राहते व वाफ अपुरी पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी चोकची योजना आहे. चोकची पडदी हवेची वाट अडविते, त्यामुळे पेट्रोल जास्त ओढले जाते व त्यातून कामापुरती वाफ मिळते.

यावरून निदानाची पहिली खूण हाती येते. थंड असता अडणारे आणि तापल्यावर एका ओढीस सुरू होणारे यंत्र बहुधा पेट्रोलच्या वाफेवाचून अडलेले असते. उलट, थंड असता सुरू होऊन तापल्यावर बंद पडणाऱ्या यंत्रात ठिणगी देणाऱ्या कॉइलचा संशय घ्यावा. एवढा भेद ध्यानी ठेवला तरी निम्मा खर्च वाचेल.

तपासणीचा क्रम

स्वस्त उपाय आधी, खर्चाचा शेवटी, हा नियम पाळावा.

प्रथम इंधन पाहावे. पावसाळ्यापासून टाकीत पडलेल्या पेट्रोलमधील लवकर उडणारा अंश निघून जातो व मागे चिकट गाळ राहतो. त्यातच २०२५ साली आपल्या देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. शिवाय ते हवेतील ओल शोषून घेते. ओल फार झाली म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे प्रथम तेच जाते. म्हणून जुने पेट्रोल काढून ताजे भरावे, एक महिन्याहून अधिक साठवू नये, व हंगाम संपताच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

दुसरी तपासणी चोकची. हवेची गाळणी काढून चोकचा खटका फिरवावा व पडदी पुरती मिटते की नाही हे डोळ्यांनी पाहावे. तार सैल झाली असल्यास खटका शेवटपर्यंत जातो, पण पडदी अर्धीच मिटते. गाळणी मळली असल्यास फोमची साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी. कागदाची हलकेच झटकावी. सुरू करताना चोक पूर्ण लावून दोरी दोन-तीनदा ओढावी. इंजिन खोकल्यासारखा आवाज करताच चोक अर्धा उघडून पुन्हा ओढावी. आवाज झाल्यावरही चोक तसाच ठेवला तर पेट्रोल तुंबते.

तिसरा प्लग. तो काढून पाहिल्यास कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला निघाला तर पेट्रोल तुंबले आहे किंवा ठिणगी नाही. काजळी धरलेला असेल तर गाळणी तुंबली आहे अथवा तेल अधिक झाले आहे. प्लग साफ करून अंतर साधारणपणे ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावे. झिजलेला असल्यास नवा घालावा. तो फार महाग नसतो.

चौथे वंगण. चार फेऱ्यांच्या इंजिनात जाड तेल गारठ्यात घट्ट होऊन दोरी जड करते. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे. दोन फेऱ्यांच्या इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मापूनच मिसळावे, अंदाजाने नव्हे. एवढ्यानेही गुण न आला तर झडपांचे अंतर व कार्बोरेटरचे बारीक छिद्र तपासण्यास जाणत्या कारागिराकडे जावे.

एक इशारा

१९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, व पुढील काळात विहिरीविहिरींवर डिझेल इंजिने दिसू लागली. थंडीत अडलेल्या डिझेल इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची रीत अनेकांनी पाहिली असेल. ती तेथेही धोक्याचीच. पण पेट्रोलच्या यंत्राजवळ असा बोळा नेणे म्हणजे साक्षात मरणास बोलावणे होय. डिझेल सहसा वाफारत नाही, पेट्रोलची वाफ मात्र थंडीतही आसपास पसरते व दूरच्या ठिणगीने भडकते. यंत्राखाली शेकोटी करू नये, प्लगच्या छिद्रात पेट्रोल ओतू नये, बिडी दूर ठेवावी, आणि पात्यास हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढावी.

यंत्र उन्हात तासभर ठेवणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. त्याने काम थोडे उशिरा सुरू होईल, पण कोणाचा हात भाजणार नाही.