भूलतज्ज्ञाचा मदतनीस : बारावीनंतरच्या या वाटेकडे डॉक्टर कसे पाहतात?

बारावी सायन्सचा निकाल लागतो, नीटमध्ये गुण कमी पडतात आणि घरात एकच प्रश्न फिरायला लागतो : आता पुढे काय? शहापूर, आसनगाव, मुरबाडच्या वस्त्यांमधून हा प्रश्न घेऊन मुलं-मुली आणि त्यांच्या आया भेटतात. हातात बऱ्याचदा जाहिरातीचा कागद असतो, ‘ओटी टेक्निशियन व्हा, सहा महिन्यांत नोकरी.’ आज त्यातल्याच एका कामाविषयी सांगते. ते काम म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरच्या मदतनीसाचं. ज्यांच्या हाताखाली ते करायचं, ते डॉक्टर त्याकडे कसे पाहतात, हेही समजून घेऊ.

आधी काम समजून घ्या

भूल देणं म्हणजे नुसती सुई टोचणं नव्हे. कमरेतून भूल दिली की रक्तदाब झटकन उतरू शकतो. पूर्ण भुलीत पुष्कळदा पेशंटचा श्वास नळी घालून मशीनवर चालवावा लागतो. प्राणवायू तुटला तर मेंदूला इजा व्हायला काही मिनिटं पुरतात. म्हणून भूलतज्ज्ञ इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस करतो आणि त्यावर आणखी दोन-तीन वर्षं फक्त भूलशास्त्र शिकतो. ऑपरेशन संपेपर्यंत तो पेशंटच्या डोक्याशी असतो.

त्याच्या शेजारी उभा असतो तो भूल तंत्रज्ञ. सकाळी सर्वांआधी येऊन भुलीचं मशीन तपासायचं. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे ना, जादा सिलिंडर तयार आहे ना, सक्शन चालतं ना, नळ्या योग्य मापाच्या आहेत ना, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो ना, हे बघायचं. मॉनिटर जोडायचा, पेशंटला नीट बसवायचं किंवा झोपवायचं, डॉक्टरने मागायच्या आत वस्तू हातात द्यायची. काम दिसत नाही, पण सिलिंडर रिकामा निघाला तर त्याची किंमत पेशंट मोजतो.

भूल मात्र तंत्रज्ञाने द्यायची नसते. औषध कोणतं, किती, कधी, हे डॉक्टर ठरवतो.

डॉक्टर काय म्हणतात?

अमेरिकेत अशा मदतनीसांचं शिक्षण १९६९ साली सुरू झालं. तिथे आधी पदवी आणि मग भूलशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागतं. ते भूल देण्यात प्रत्यक्ष भाग घेतात, पण भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. त्यामुळे तिथल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा त्यांना पाठिंबा आहे. विरोध आहे तो भूल देणाऱ्या नर्सेसच्या संघटनेचा, कारण त्या नर्सेस काही राज्यांत स्वतंत्रपणे काम करतात.

ब्रिटनमध्ये उलटं घडलं. तिथल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या सभासदांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये खास सभा घेऊन अशा मदतनीसांची नवी भरती थांबवावी, असं मोठ्या बहुमताने ठरवलं. त्यांचे आक्षेप साधे होते. हा डॉक्टर नाही हे पेशंटला कळतं का? देखरेख कोण करणार? शिकाऊ डॉक्टरांच्या शिकण्याच्या संधी यांच्याकडे जाणार का? पुढे २०२५ च्या सरकारी आढाव्यानेही मदतनीसाच्या नावातच तो मदतनीस असल्याचं स्पष्ट दिसावं, अशी शिफारस केली.

म्हणजे डॉक्टरांचा विरोध मदतीच्या हाताला नाही. मदतीचा हात डॉक्टरची जागा घेईल, या गोष्टीला आहे. मी थिएटरमध्ये जी वर्षं काढली, त्यातही हेच ऐकलं. चांगला तंत्रज्ञ असेल तर डॉक्टर म्हणतात, ‘हा आहे ना, मग मी निर्धास्त.’ पण तंत्रज्ञाच्या भरवशावर डॉक्टरविना थिएटर चालवलं जात असेल, तर तेच डॉक्टर संतापतात, आणि ते बरोबरच आहे.

आपल्या तालुक्यांत याचा अर्थ काय?

शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय असो की मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, अडलेली बाई ठाण्याच्या सिव्हिलला, कळव्याला किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात ‘पुढे न्या’ हे वाक्य आपल्याला नवं नाही. ग्रामीण भागात अशा पाठवणीमागे भूलतज्ज्ञ जागेवर नसणं हे एक नेहमीचं कारण असतं. ही उणीव भरायला सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना अडलेल्या बाळंतपणापुरतं भुलीचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देण्याची योजना आणली. लक्षात घ्या, तिथेही डॉक्टरच निवडला, तंत्रज्ञ नाही.

म्हणून आपली मागणी दोन्हींची हवी : रुग्णालयात भूलतज्ज्ञही हवा आणि शिकलेला तंत्रज्ञही. गरिबाच्या बाईला डॉक्टरऐवजी मदतनीस चालेल, असं कुणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका.

शिकायचं असेल तर

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे नाशिकच्या विद्यापीठाचा, बी.पी.एम.टी. नावाचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात ॲनेस्थेशिया टेक्निशियन ही एक शाखा आहे. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. बारावी सायन्सला जीवशास्त्र हवं. प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

केंद्राने २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत भूल मदतनीस आणि तंत्रज्ञ यांचं नाव आहे. या कायद्याप्रमाणे सहयोगी आरोग्य व्यावसायिकाचं शिक्षण किमान २००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांत पसरलेलं हवं. रोज आठ तास शिकवलं तरी सहा महिन्यांत हा हिशोब भरत नाही. जाहिरातीचा कागद या मापाने मोजा.

फी भरण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा :
१. कोणत्या विद्यापीठाशी किंवा मंडळाशी संलग्न आहात? उत्तर मिळालं की विद्यापीठाच्या यादीत स्वतः तपासा.
२. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात? तिथे रोज ऑपरेशनं होतात का?
३. या प्रमाणपत्रावर परिषदेकडे नोंदणी होते का?
४. मागच्या वर्षी शिकलेली मुलं कुठे कामाला आहेत? त्यातल्या दोघांना स्वतः भेटा.

टाळाटाळ झाली तर उठून या. मंगळसूत्र गहाण ठेवून निरुपयोगी कागद विकत घेऊ नका.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप आहे. वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेची चौकशी करा. जातीचा दाखला आणि जात पडताळणीची कागदपत्रं अकरावीपासूनच जमवायला घ्या. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ती मिळत नाहीत.

मर्यादाही ओळखा

तंत्रज्ञ कितीही अनुभवी झाला तरी त्यातून डॉक्टर होता येत नाही. रात्रपाळी असते, तासन्‌तास उभं राहावं लागतं. पगार रुग्णालयागणिक वेगळा, म्हणून कामाला असलेल्या दोन-तीन तंत्रज्ञांना विचारूनच अंदाज बांधा. मुलीचं मन डॉक्टर होण्याचंच असेल आणि गुण थोडक्यात हुकले असतील, तर आधी पुन्हा नीट देण्याचा विचार करा. नर्सिंग आणि लॅबोरेटरी याही वाटा आहेत. पण थिएटरची आवड, शांत डोकं आणि नीटनेटका हात असेल, तर हे मानाचं काम आहे.

आणि कामाला लागल्यावर कुणी म्हणालं, ‘डॉक्टर यायला उशीर आहे, तूच देऊन टाक’, तर हात मागे घ्या. पेशंट दगावला तर केस तुमच्यावर होईल, सांगणारा नामानिराळा राहील.

घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर

भूल कोण देणार, ते डॉक्टर आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. जेवण किमान सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण डॉक्टर सांगतील तेच पाळा. चालू गोळ्या, दमा, ॲलर्जी, आधीच्या भुलीचा त्रास, तंबाखू, दारू, हलणारा दात किंवा कवळी, काहीही लपवू नका. नेलपॉलिश काढा, कारण ऑक्सिजन बोटावरूनच मोजतात.