वापरून जपलेला देश: फिनलंड

फिनलंड म्हटलं की आपल्यापुढे दोनच चित्रं येतात: रोवानिएमीचा सांताक्लॉज आणि काचेच्या घुमटात झोपून आकाशातले हिरवे प्रकाशझोत बघणारी माणसं. सहलींच्या जाहिरातींत हेच असतं आणि इन्स्टाग्रामवरही हेच. मी मात्र बर्फ पडायच्या आधी, सप्टेंबरमध्ये तिथे गेलो. परत आल्यापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, की या देशातल्या सर्वात सुंदर गोष्टींना तिकीट लागत नाही.

आधी थोडा अंदाज देतो. फिनलंड आकारानं महाराष्ट्रापेक्षा किंचित मोठा, पण वस्ती फक्त ५६ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. लहानमोठी तळी सुमारे १ लाख ८८ हजार. जमिनीच्या जवळजवळ पाऊण भागावर जंगल आहे.

त्यातलं निम्म्याहून जास्त जंगल खाजगी मालकीचं आहे. तरीही त्यात कोणीही फिरू शकतं, एखादी रात्र तंबू ठोकू शकतं, बोरांसारखी रानफळं आणि अळंबी गोळा करू शकतं. या परंपरेला तिथे ‘प्रत्येकाचा हक्क’ म्हणतात आणि तो आपल्यासारख्या पाहुण्यांनाही मिळतो. बंधनं मोजकीच: कोणाच्या घराजवळ किंवा अंगणात जायचं नाही, झाडं तोडायची नाहीत आणि मालकाला विचारल्याशिवाय शेकोटी पेटवायची नाही. ऑगस्टमध्ये निळी मुस्तिक्का मिळते, सप्टेंबरमध्ये लाल, आंबट पुओलुक्का. मी डबाभर पुओलुक्का वेचली. कुंपण नाही, पाटी नाही, पहारेकरी नाही. तरी जंगल स्वच्छ राहतं, कारण ते ज्याला त्याला आपलं वाटतं.

साउनाचंही तसंच. ५६ लाख लोकांच्या देशात सुमारे ३० लाख साउना आहेत. घरात, इमारतीच्या तळमजल्यावर, तळ्याकाठच्या लाकडी झोपडीत, अगदी संसदेच्या इमारतीतसुद्धा. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की जी वाफ उठते, तिला ‘लोयल्यू’ असा खास शब्द आहे. पूर्वी बाळंतपणं साउनातच होत, कारण घरातली सर्वात स्वच्छ आणि ऊबदार जागा तीच. २०२० मध्ये युनेस्कोनं या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली, पण लोकांच्या लेखी ती शनिवार संध्याकाळची साधी आंघोळ आहे. तांपेरे शहरातलं राजापोर्त्ती हे सार्वजनिक साउना १९०६ पासून चालू आहे. तिथे कर्मचारी, विद्यार्थी, आजोबा सगळे एका बाकावर बसतात आणि कोणाचा हुद्दा काय, हे कळायला मार्ग नसतो.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांना सर्वात जास्त जवळची वाटेल ती तिथल्या भाषेची गोष्ट. फिनलंड शतकानुशतकं स्वीडनच्या आणि १८०९ पासून १९१७ पर्यंत रशियाच्या सत्तेखाली होता. शिक्षणाची आणि कचेरीची भाषा स्वीडिश, फिनिश घरातली आणि शेतातली. एलियास ल्योनरोत नावाचा डॉक्टर गावोगाव हिंडला, म्हाताऱ्या गायकांकडून लोकगीतं उतरवून घेतली आणि त्यातून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य उभं राहिलं. २८ फेब्रुवारी हा तिथे कालेवाला दिन असतो. आपल्या मराठी भाषा गौरव दिनाच्या दुसऱ्याच दिवशी!

त्याहून मोठा धडा उत्तरेला, इनारी गावात मिळाला. हा सामी लोकांचा मुलूख. इथे चार भाषा अधिकृत आहेत: फिनिश आणि तीन सामी भाषा. त्यांतली इनारी सामी जेमतेम काहीशे लोक बोलतात. मुलांच्या तोंडून ती जवळजवळ नाहीशी झाली होती, तेव्हा १९९७ मध्ये ‘भाषेचं घरटं’ सुरू झालं. म्हणजे एक साधी बालवाडी, जिथे मुलांशी फक्त इनारी सामीतच बोलायचं. व्याकरण नाही, स्पर्धा नाही. जेवण, खेळ, रुसवे-फुगवे सगळं त्याच भाषेत. त्यातली मुलं मोठी झाली आणि भाषा वाचली. तिथलं सीइदा संग्रहालय जरूर बघा, पण ती भाषा काचेच्या कपाटात नाही, तर मुलांच्या भांडणात टिकली, हे लक्षात ठेवा.

जायचं असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडा. लॅपलंडमध्ये तेव्हा झाडं लाल-पिवळी होतात. या ऋतूला ‘रुस्का’ म्हणतात. रात्री पुरेशा काळोख्या झालेल्या असल्यानं आकाश निरभ्र असेल तर उत्तरेचे प्रकाशही दिसू शकतात. हेलसिंकीहून रोवानिएमीला रात्रीची रेल्वे आहे, तिथून इनारी बसनं सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. राष्ट्रीय उद्यानांना प्रवेशशुल्क नाही. शाकाहारींनी राईची काळी भाकरीसारखी पोळी आणि भाताची खीर भरलेली कार्यालनपिराक्का शोधावी. फक्त वर अंड्याचं लोणी नको, असं आधीच सांगावं.

आणि प्रवासात आपापसांत मराठीतच बोला. तिथे कोणी वळून बघत नाही. उलट ही कुठली भाषा, असं कुतूहलानं विचारतात.