लोखंडी नांगर घडवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण आंशिक रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावे लागले. मग त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. यंत्रांची खरी ओळख त्यांना तेथेच झाली. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावात स्थिरावले. तेथे बंधू रामूअण्णांसह ते सायकलींचा व्यवसाय करत. त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि मग लोखंडी नांगर.

या नांगराचे महत्त्व काळ्या मातीत कळते. परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यांत अशी भारी जमीन आहे. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. लाकडी नांगर ती नुसती चिरतो. दोन तासांमध्ये न नांगरलेली पट्टी राहते आणि हरळी-कुंद्याच्या मुळ्या खाली तशाच टिकतात. लोखंडी नांगराचा फाळ मातीचा थर तळातून कापतो आणि त्यामागचे वळणदार पाते तो उलथवून टाकते. मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात, तर धसकटे मातीत गाडली जाऊन कुजतात.

लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत तेव्हा होती. त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेने त्यांची बेळगावातील जागा घेतली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कामगारांसाठी घरेही तेथेच बांधली गेली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तेथे तयार होऊ लागले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी झाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. इथल्या मातीला आणि बैलजोडीला झेपेल असे अवजार इथेच घडवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. आज ट्रॅक्टरमागे चालणारा पलटी नांगरही थर कापून उलथवण्याच्या त्याच तत्त्वावर काम करतो.