खरखरीचे कारागीर

भाद्रपदात हळवे भात पिकू लागले की तेथून दिवाळी उलटेपर्यंत डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली पाड्यांवर रात्री जो नाद उठतो, तो प्रथमच ऐकणाऱ्या शहरवासी मनुष्यास बासरीचे वा सनईचे स्मरण होत नाही. कोठे मोहोळ उठले आहे, की दूरवर एखादे यंत्र घरघरत आहे, असा त्यास क्षणभर संभ्रम पडतो. हा नाद तारप्याचा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा एवढ्या जिनसांतून सिद्ध होणाऱ्या या वाद्याची घरघर हे त्याचे वैगुण्य समजणे मोठी चूक ठरेल, कारण ती काढून टाकली तर तारपा उरणारच नाही. स्वर निर्मळ असावा ही संगीताची एक आकांक्षा खरी. परंतु स्वरास धार यावी, त्याच्या अंगावर काटा असावा, ही दुसरी आकांक्षाही तितकीच मानवी आहे, आणि तिची दखल आपण फार कमी घेतली आहे.

या दुसऱ्या आकांक्षेचा अलीकडचा दाखला विजेच्या गिटारीचा. 1961 साली प्रसिद्ध झालेले मार्टी रॉबिन्स या गायकाचे एक गीत अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मुद्रित होत असता ध्वनिमिश्रणाच्या यंत्रातील ट्रान्सफॉर्मर बिघडला, आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारीचा आवाज फाटून, गुरगुरत बाहेर पडला. तो टाकून न देता तसाच राखला गेला, लोकांस आवडला, आणि ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड हुकमी घडवून आणणारी एक पेटी योजिली; ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने ती 1962 साली बाजारात आली. 1965 साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात ती वापरली, आणि पायाने दाबून चालू-बंद करावयाची ही पेटी, म्हणजेच फझ पेडल, जगभर मागणीस आली.

या पेटीचे पुढे जे अनेक प्रकार निघाले, त्यांतील एखादा साधा नमुना उघडून पाहावा, तर आत नऊ व्होल्टची बॅटरी, दोन ट्रान्झिस्टर आणि मोजके सुटे भाग एवढाच ऐवज सापडतो. तारेच्या कंपनातून निघालेली क्षीण विद्युल्लहर ट्रान्झिस्टर इतकी वाढवू पाहतो की अखेर बॅटरीची मर्यादा आड येते. वर चढण्यास जागा न उरल्याने लहरीचा माथा सपाट छाटला जातो, गोल टेकडीचे पठार व्हावे तसा. सारे रहस्य या छाटणीत आहे. सेकंदास 220 कंपनांचा स्वर छेडला असता त्याच्या पटीतले 660, 1100 असे उपस्वर त्या छाटलेल्या कडांतून उसळतात, आणि एका तारेच्या जागी अनेक तारा एकदम बोलू लागल्याचा भास होतो.

तारप्याच्या भोपळ्यात वाऱ्याच्या बाबतीत याच जातीची क्रिया घडते. प्रत्येक नळीच्या आतल्या टोकास बांबूचीच एक पातळ जीभ असते. वादकाची फुंक भोपळ्यात कोंडली की ही जीभ थरथरते, हवेची वाट क्षणात उघडते, क्षणात मिटते, आणि वारा सलग न वाहता तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडतो. लहर येथेही छाटली जाते, मात्र विजेऐवजी बांबूच्या पात्याने. त्यातही नळ्या दोन, त्या एकदम वाजणाऱ्या. दोघींचे स्वर केसभर वेगळे पडले की नादास हेलकावे बसतात. जिभेवर मेणाचा कण ठेवला तर स्वर उतरतो, काढला तर चढतो. गालांत हवा साठवून त्याच वेळी नाकाने श्वास घेण्याची विद्या वादकाने साधलेली असल्याने हा प्रवाह खंडितच होत नाही.

परंतु या दोन हुन्नरांतील सर्वांत खोल साम्य मला दिसते ते कच्च्या मालात. 1966 साली लंडनच्या आर्बायटर कंपनीने काढलेल्या ‘फझ फेस’ या पेडलमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत; ते उष्णतेने बिघडत, आणि एकाच बनावटीचे दोन नगदेखील सारखे वाजत नसत. म्हणून हाताने पेडल बांधणारा कारागीर आजही एकेक ट्रान्झिस्टर लावून पाहतो, कानास पटेल ती जोडी निवडतो, मग डाख देतो. डहाणूच्या एखाद्या तरुणास ही पेटी बांधावयाची असेल, तर पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून सारे सामान गोळा करता येईल. पण कान त्याचा त्यालाच तयार करावा लागेल. तारपा बांधणाऱ्याची स्थिती याहून निराळी नाही. एका वेलीवरचे दोन दुधी सारखे नसतात, बांबूची दोन पेरे सारखी नसतात; कोठलेही माप येथे अखेरचा निर्णय देत नाही, फुंकून पाहणे हाच निर्णय. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा हलक्या हाताने घासून जवारी लावतो, तेव्हा तोही तारेला घोडीवर किंचित् घसटू देऊन नादास तीच रुंदी आणीत असतो, आणि तेथेही पंच म्हणून कानच बसतो.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे (1934–2018), ज्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांमुळे तारप्याचे रिंगण जगाने पाहिले. मध्यभागी वादक, भोवती एकमेकांच्या कमरेस हात घातलेली माणसे, आणि शंखासारखी आत वळत जाणारी त्यांची रांग. चित्र पाहणाऱ्यास जे कळत नाही ते हे की त्या रांगेची पावले वादकाच्या हाती असतात. त्याने चाल बदलली की पाऊल बदलते, आणि तारप्याकडे पाठ कोणी फिरवीत नाही. उघड्या माळावर, अंधारात, रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत ती चाल पोहोचवावयाची, तर गोड, गुळगुळीत स्वर पुरा पडत नाही. काटेरी, उपस्वरांनी भरलेला नादच पायांच्या आवाजातून वाट काढतो.

असा तारपा घडवावयाचा तर सुरुवात वेलीपासून होते. जो दुधी वाद्यासाठी राखावयाचा, तो भाजीसाठी कोवळा तोडीत नाहीत. तो जून होऊ देतात, वाळवितात, गर आणि बी काढून आतून मोकळा करतात, आणि मगच त्यास नळ्यांसाठी भोक पाडतात.