हुरड्याचे पाणी, बीअरचे पाणी

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे येऊ लागतात. वेरूळ-अजिंठा होते, बीबी का मकबरा होतो, पाणचक्की होते आणि संध्याकाळी ठरलेला प्रश्न येतो, ‘तुमच्या गावचे खास खायला-प्यायला काय?’ माझी उत्तरेही ठरलेली होती. खायला नान-खलिया. थंडीत आलाच आहात तर हुरडा. आणि पिणाऱ्यांसाठी थोडे चेष्टेने, थोडे अभिमानाने : ‘बीअर. बाटलीवरचा पत्ता वाचा, वाळूजचा निघेल.’

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने या तिसऱ्या उत्तराला हरकत घेतली. ‘मामा, वाळूजला तयार होते म्हणून ती तुमची कशी? तिच्यात तुमच्या गावचे काय आहे?’ मी बावीस वर्षे वाळूजच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर काढलेली. बीअरच्या गाड्या रोज डोळ्यांसमोरून गेलेल्या. तरी मला उत्तर देता आले नाही. मी काही अन्नशास्त्राचा पदवीधर नाही. गॅझेटिअर, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका आणि माणसांची बोलणी हीच माझी शाळा. त्या शाळेत शोधलेले उत्तर इथे मांडतो आहे.

बाहेरून आलेले, इथले झालेले

आधी नान-खलियाचे पाहू, कारण ‘इथले’ म्हणजे काय हे तो पदार्थ नीट शिकवतो. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. त्या लष्करासोबत नान-खलिया आला, असे शहरात सांगितले जाते. ही सांगोवांगीची गोष्ट आहे. पण पदार्थाचा घाट खरोखरच छावणीचा आहे. मोठ्या भट्टीत एका वेळी ढिगाने निघणारे, खमिराने फुगवलेले नान आणि डेगीत शिजणारा मांसाचा पातळ, तिखट रस्सा. नानावर हळद-गुळाचे पाणी फिरवतात, त्यामुळे त्याला तो पिवळा-तांबूस रंग येतो.

म्हणजे मुळात हे अन्न परके. पण आज जुन्या शहरात लग्नाचे जेवण नान-खलियाशिवाय होत नाही. भट्टीवाले पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करत आले आहेत आणि नान मऊ कसे राहते यावर माणसे तासभर वाद घालू शकतात. यावरून मी एक कसोटी काढली. पदार्थ कुठून आला, हा प्रश्न दुय्यम. तो इथल्या हातांचा, इथल्या सणासमारंभांचा आणि इथल्या मातीचा किती ऋणी आहे, हे पाहायचे. याच कसोटीवर आता हुरडा आणि बीअर लावून पाहू.

हुरडा : गोडव्याचे थोडे दिवस

मराठवाड्यात हिवाळा हा खाण्याचा ऋतू आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, शहराला लागून असलेल्या साताऱ्याच्या खंडोबाला गर्दी होते आणि घरोघरी वांग्याचे भरीत व रोडगा असा नैवेद्य होतो. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा त्या दिवशी पुन्हा ताटात येतात. त्याच महिन्याच्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या, तिकडच्या बोलीत येळवस, साजरी होते. गावे ओस पडतात, कारण सगळा गाव शेतात जेवायला गेलेला असतो. तिथली ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली आंबील ज्याने प्यायली तो ती विसरत नाही. मग भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. दुसऱ्या दिवशी संक्रांतीच्या सुगडात बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, उसाचे करवे आणि ज्वारीचे कणीस.

या सगळ्यांच्या मधोमध हुरडा. रब्बी ज्वारी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. तोवर पाऊस परतीला लागलेला असतो. पुढचे सगळे पीक काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर निघते. मालदांडीसारख्या वाणाची ज्वारी भारी जमिनीत एकही पाणी न देता पदरात पडू शकते. म्हणूनच ती कोरडवाहू मुलखाची भाकरी झाली.

दाणा भरत असताना आधी त्यात दुधासारखा चीक असतो आणि साखर भरपूर असते. दिवस जातील तशी त्या साखरेची पिष्ठ, म्हणजे स्टार्च, बनत जाते आणि दाणा टणक होतो. चीक घट्ट होऊ लागला आहे पण दाणा अजून नखाने दबतो आहे, असे मधले थोडे दिवस म्हणजे हुरडा. ते कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजायचे, गरम असतानाच तळहातावर चोळायचे, फुंकर मारून तूस उडवायचे आणि शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या चटणीबरोबर, गुळाच्या खड्याबरोबर, दह्याबरोबर खायचे. गूळभेंडीसारख्या खास हुरड्याच्या ज्वाऱ्या पूर्वीपासून आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ असे हुरड्याचे वाणही दिले आहेत.

हुरड्याला प्रवास सोसत नाही. कणीस तोडून ठेवले की गोडी आणि मऊपणा झपाट्याने उतरतो. अलीकडे तो पाकिटात, गोठवूनही मिळतो. पण आगटीच्या कडेला बसून खाल्लेल्याला ते पाकीट कळते. हुरडा खायचा तर माणसाने शेतात जावे लागते. यापेक्षा जास्त ‘इथला’ पदार्थ मला सांगता येणार नाही.

बीअर : काट्यावर न आलेला घटक

बीअरमध्ये हुरड्याच्या नेमकी उलट क्रिया असते. हुरडा म्हणजे साखरेची पिष्ठ होण्याआधी दाणा गाठणे. बीअर म्हणजे पिष्ठ झालेल्या दाण्यातून साखर परत काढणे. जव, म्हणजे आपला सातू, भिजवून मोड आणतात. मोड येताना दाण्यात पिष्ठ फोडणारी विकरे तयार होतात. मग तो वाळवतात. हा झाला माल्ट. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवला की विकरे पिष्ठाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळायचे, थंड करायचे आणि यीस्ट घालून आंबवायचे. आपल्याकडे जास्त खपणारी लागर जातीची बीअर थंडाव्यातच आंबवावी लागते. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कसौलीच्या डोंगरात ब्रुअरी काढली, ती थंड हवा आणि झऱ्याचे पाणी पाहून. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या वाळूजला डोंगराची हवा यंत्राने आणली. झऱ्याचे पाणी मात्र जायकवाडीचे.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. ऐंशीच्या दशकात वाळूजची औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला. पुढे पाणी, जमीन आणि मध्यवर्ती जागा पाहून बीअरवालेही आले. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग, एबी इनबेव्ह अशा बड्या नावांचे प्रकल्प आज शहराच्या आसपास आहेत.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. वजनकाट्याचे काम सोपे असते. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकीची पावती द्यायची. त्या पावत्या डोळ्यांपुढे आणल्या तेव्हा लक्षात आले की आत येणारे सगळे परगावचे होते. जवाचे पीक मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणाकडचे. हॉप्स बहुतेक परदेशातले. बाटल्या बाहेरच्या. बीअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त असते ते पाणी, आणि ते गाडीने येत नव्हते, नळाने येत होते. एवढा एकच घटक आमच्या गावचा, आणि तो बावीस वर्षांत कधी माझ्या काट्यावर आला नाही.

तो उन्हाळा

तो घटक सगळ्यांना दिसला २०१६ च्या उन्हाळ्यात. सलग दोन वर्षांच्या तुटपुंज्या पावसानंतर जायकवाडी मृतसाठ्यात गेले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बीअर उद्योगांच्या पाण्यात आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कपातीचा आदेश दिला. इतर उद्योगांनाही कपात होती, पण कमी.

त्या दिवसांत मी दिवसा काट्यावर असे आणि रविवारी गावी, गंगापूर तालुक्यात. गावात टँकर यायचा, विहिरीत ओतायचा आणि बायका दोर लावून ते पाणी पुन्हा उपसायच्या. एका रविवारी वहिनीने घागर खाली ठेवत विचारले, ‘भाऊजी, तुमच्या तिथं बाटल्या धुवायला तरी आहे म्हणं पाणी?’ त्यात टोमणा नव्हता, कुतूहल होते. म्हणूनच ते जास्त लागले.

पण इथे न्यायाने बोलायला हवे. एक लिटर बीअर करायला धुणे-थंड करणे धरून साधारण तीन ते सहा लिटर पाणी लागते, आणि कारखाने हे प्रमाण कमी करत आले आहेत. धरणाच्या पाण्यात सिंचनाचा वाटा फार मोठा आहे; कालव्यावरच्या उसापुढे बीअरचा घोट थेंबासारखा आहे. या उद्योगाने हजारो घरे चालवली, त्यांत माझे एक. सरकारच्या तिजोरीतही त्याने भर घातली. तेव्हा बीअर बंद करा असे सांगणारा हा लेख नाही. माझे म्हणणे एवढेच, की जिच्यात आपले फक्त पाणी आहे तिचा अभिमान मिरवताना त्या पाण्याचा हिशेब आपल्याला माहीत असावा.

बीअरला इथली करता येत नाही असेही नाही. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाची आयात बंद केली तेव्हा तिथल्या कारखान्यांना ज्वारी आणि मक्याकडे वळावे लागले. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टची आंबटसर घरगुती बीअर पिढ्यान्‌पिढ्या होते. आपल्या आंबिलीची ती चढणारी बहीणच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष आपण गाजावाजा करून साजरे केले. पण वाळूजच्या काट्यावर मी असेपर्यंत ज्वारीची गाडी काही आली नाही.

आमच्या बीअरमधून गावात परत येणारी एक वस्तू मात्र आहे : चोथा. गोड पाणी गाळून उरलेला माल्टचा ओला चोथा दूधवाले घेऊन जातात. लवकर आंबतो म्हणून ताजाच घालावा लागतो. आमच्या दादाच्या म्हशींनी तो बरीच वर्षे खाल्ला. म्हणजे राजस्थानच्या जवाचा आमच्या चहातल्या दुधाशी संबंध आला. नान-खलियाची कसोटी लावली तर हा चोथाच बाटलीपेक्षा जास्त इथला.

पाखरांचा हिशेब

आता जी गोष्ट मला खरी अस्वस्थ करते ती सांगतो. कपाशी आणि मका वाढला तशी आमच्या भागातली ज्वारी आक्रसत गेली. ज्वारीला भाव बेताचा, काढणी कष्टाची, मजूर मिळत नाही. त्यात एक कारण शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. शिवारभर ज्वारी असते तेव्हा पाखरे सगळ्यांकडे थोडी थोडी खातात. शिवारात एकाचीच ज्वारी उरली की सगळी पाखरे त्याच्याकडे उतरतात. मग माळा बांधा, गोफण घ्या, पहाटेपासून राखण करा. गोफण फिरवणारी पोरे आता शाळेत असतात, आणि असावीतच.

गेल्या साली दादाने ज्वारी पेरली नाही. मी कारण विचारले तर म्हणाला, ‘एकट्यानं किती पाखरं पोसायची?’ त्या हिवाळ्यात आमच्या रानात आगटी पेटली नाही. पाहुण्यांना मी रस्त्यावरच्या एका हुरडा पार्टीला नेले. माणशी पैसे, उंटाची सवारी, मोठ्याने गाणी. हुरडा चांगला होता. वाईट बोलणार नाही. पैसे देऊन खाणाऱ्यांमुळे कुणीतरी ज्वारी पेरतो आहे, हेही खरे. पण संक्रांतीला सुगडात घालायची कणसे वहिनीने शहरातून विकत मागवली, तेव्हा मला आमच्या घरातून काय गेले ते कळले.

भाच्याला आता मी असे उत्तर देतो. नान-खलिया बाहेरून आला आणि माणसांनी तो आपला केला. बीअर इथे तयार होते, पण आमचे पाणी घेऊन बाहेर जाते. आणि हुरडा धरणाचे काही मागत नाही. जमिनीतली ओल आणि पडेल तेवढे दव त्याला पुरते. दुष्काळी मुलखाने पाण्याशी केलेला सगळ्यात शहाणपणाचा करार म्हणजे रब्बी ज्वारी, आणि हुरडा हा त्या कराराचा गोडवा आहे. तो मोडला तर आमच्या हिवाळ्याच्या ताटात विकतचेच पदार्थ उरतील.

यंदा मी दादाला एक प्रस्ताव दिला. एक एकर ज्वारी पेर. राखणीच्या मजुरीचा निम्मा वाटा माझा, आणि मी आता निवृत्त आहे, तेव्हा पहाटेची पाळीही माझी. शेजारच्या दोघांनीही अर्धा-अर्धा एकर पेरायचे कबूल केले, म्हणजे पाखरे वाटली जातील. दादा हसला. ‘तुला गोफण तरी येती का आता?’ येत नाही. शिकायची आहे. तुमच्या हाती हा अंक पडेल तेव्हा ती ज्वारी गुडघ्याला लागली असेल.