सेल मारत बसू नका, आधी गाडीचं ऐका!

बाइक सुरू होईना की आपण एकतर बटण दाबत राहतो, नाहीतर गॅरेजवाल्या दादांना फोन लावतो. या दोन्हींच्या मधली पाच मिनिटं वापरलीत, तर खिशातले पैसे वाचतात आणि दुखणं नेमकं कुठे आहे तेही कळतं.

पावसाळा सुरू झाला की कॉलेजच्या पार्किंगमध्ये हे दृश्य ठरलेलं. एक जण किक मारतोय, दुसरा 'चोक दे, चोक दे' म्हणतोय आणि तिसरा धक्का द्यायला तयार. सल्ले भरपूर, पण नक्की बिघडलंय काय, हे कुणीच बघत नाही. खरं तर इंजिनाच्या मागण्या मोजक्याच असतात: हवा, पेट्रोल, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. यातलं काय कमी पडतंय, एवढंच तुम्हाला शोधायचंय. तेही अंदाजाने नाही, क्रमाने.

आधी सोप्या गोष्टी

हसू नका, पण सुरुवात लाल किल स्विचपासून करा. पार्किंगमध्ये कुणीतरी गंमत म्हणून तो दाबून ठेवलेला असतो. मग साइड स्टँड बघा. काही गाड्या स्टँड खाली असला की सुरूच होत नाहीत. गाडी न्यूट्रलला आहे ना? नसेल तर क्लच दाबून बघा. जुनी गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक चालू आहे की बंद, गाडी रिझर्व्हला तर लागली नाही ना, तेही तपासा. आणि टाकी हलवून आत पेट्रोल आहे याची खात्री करा.

बटण दाबल्यावर काय ऐकू येतं?

आता सेल्फचं बटण एकदाच दाबा आणि कान द्या.

काहीच आवाज नाही आणि हॉर्नही वाजत नाही? मग बॅटरी उतरली आहे, टर्मिनल सैल आहे किंवा फ्यूज उडालाय. नुसतं 'टिक टिक' होतंय आणि मीटरचे दिवे मंद होतायत? बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनलवर पांढरट थर साचलाय. मल्टिमीटर मिळाला तर बंद गाडीच्या बॅटरीवर लावा. भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. बाराच्या खाली असेल तर आधी चार्जिंग, मग बाकीचं. हॉर्न खणखणीत वाजतोय पण सेल्फ गप्प असेल, तर सेल्फचा रिले किंवा क्लचचा स्विच तपासायला सांगा. गाडीला किक असेल तर मारून बघा.

सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही? मग सेल मारत बसलात तर चांगली बॅटरीही उतरेल. इथे दोष बहुतेक वेळा ठिणगीत असतो, नाहीतर पेट्रोलमध्ये. दोन्हींतलं कुठलं, ते प्लग सांगतो.

प्लग खोटं बोलत नाही

इंजिन गार होऊ द्या. गरम असताना प्लग काढलात तर हात भाजतो आणि हेडचे आटे खराब होऊ शकतात. प्लग पान्याने प्लग काढा आणि टोक बघा.

कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. कॉक, पाइप, फिल्टर बघायचा किंवा मिस्त्रींच्या भाषेत 'कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय'. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाहीये. म्हणजे करंट येत नाही किंवा चोक देऊन देऊन पेट्रोल ओव्हर झालंय. तसं असेल तर प्लग पुसून लावा, चोक बंद करा, रेस पूर्ण पिळून चार-पाच किक मारा. काळी, कोरडी काजळी दिसली तर एअर फिल्टर तुंबलाय का बघा. तेलकट काळा प्लग मात्र इंजिनात ऑइल जळतंय असं सांगतो. त्याला गॅरेजच हवं. तब्येतीने ठीक असलेल्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी दिसतो.

करंट तपासायला प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवतात आणि किक मारतात. ठिणगी निळसर, ठसठशीत हवी. पण हे करताना कॅप रबराच्या बाजूनेच धरा, प्लगच्या छिद्रापासून लांब राहा, सांडलेलं पेट्रोल आधी पुसा. प्लग नीट टेकलेला नसेल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळू शकतं. खात्री नसेल तर हे काम मिस्त्रींवर सोडा.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर लगेच बंद पडली, तर पहिला संशय प्लगच्या कॅपवर. आत पाणी गेलं की करंट वाटेतच पळतो. कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसली की पुष्कळदा गाडी सुरू होते. आणखी एक गंमत. गाडी थोडं अंतर चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडल्यावर 'फुस्स' होऊन पुन्हा सुरू होते? झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलंय. पण गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू असं होत असेल, तर इग्निशनची कॉइल तपासून घ्या.

नवी गाडी असेल तर?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या बाइकमधून कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. अशा गाडीत चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाची बारीक 'झूंऽऽ' ऐकू येते. ती आली नाही, तर पंप किंवा त्याचा फ्यूज तपासायला सांगा. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा सुरूच राहिला तरी तेही सांगा. आणि बॅटरी पार मेलेली असेल तर धक्का मारून दमू नका. पंपालाच वीज नसेल तर गाडी सुरू कशी होणार?

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

'दादा, बघा ना, काय झालंय' असं म्हणून चावी दिलीत, तर प्लग, कॉइल, बॅटरी एकामागून एक बदलून बघितलं जाऊ शकतं. बिल महिन्याच्या पॉकेटमनीएवढं! 'भावाला पाठव' असं ऐकून परत आलेल्या मैत्रिणींना तर हे अजून चांगलं माहीत असेल. त्याऐवजी असं सांगा: 'दादा, सेल्फ जोरात फिरतो, प्लग ओला निघाला, पण करंट येत नाहीये. बॅटरी साडेबारा दाखवतेय.' बदललेला जुना पार्ट परत मागा. मग समोरचाही गाडीबद्दल तुमच्याशीच बोलतो.