सांस्कृतिक संस्थांची घटकाधारित दृश्य ओळख : संकल्पना, रचना आणि जबाबदारी

प्रस्तावना

कोणत्याही संस्थेची समाजाला होणारी पहिली ओळख बहुधा दृश्य स्वरूपाची असते. संस्थेचे कार्य समजण्यापूर्वी तिचे बोधचिन्ह, तिच्या पत्रिका, भित्तिपत्रके आणि नामफलक लोकांच्या नजरेस पडतात. बँक किंवा विमा कंपनी यांसारख्या संस्थांना स्थैर्याचा विश्वास द्यावयाचा असतो. त्यामुळे सर्वत्र एकाच रूपात छापलेले बोधचिन्ह त्यांना पुरेसे ठरते. संग्रहालय, नाट्यगृह किंवा संगीतसभागृह यांची स्थिती मात्र निराळी आहे. तेथे आज शास्त्रीय वाद्यवृंद असतो, तर उद्या जॅझ. या महिन्यात चित्रप्रदर्शन, तर पुढील महिन्यात बालनाट्य.

अशा संस्थेपुढे दुहेरी पेच उभा राहतो. सर्व कार्यक्रमांना एकच साचा लावल्यास प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळेपण पुसले जाते. प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र रूप दिल्यास कार्यक्रम लक्षात राहतो, परंतु तो कोणी आयोजित केला हे लक्षात राहत नाही. या पेचावरील एक उत्तर म्हणजे मॉड्युलर अर्थात घटकाधारित दृश्य ओळख होय. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे स्वरूप काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले असून तिच्या यशापयशाची कारणेही तपासली आहेत.

संकल्पनेचे स्वरूप

घटकाधारित ओळखीत एक अंतिम चिन्ह नसते. काही मोजके घटक आणि ते जोडण्याचे नियम असतात. त्यांतून आवश्यकतेनुसार अनेक रूपे तयार होतात. महाराष्ट्रातील घराघरांत काढली जाणारी ठिपक्यांची रांगोळी हे या तत्त्वाचे परिचित रूप मानता येईल. ठिपक्यांची मांडणी तीच राहते, ते जोडण्याच्या रीतीही ठरलेल्या असतात, तरीही रोजची आकृती वेगळी असते.

आधुनिक ग्राफिक डिझाइनमध्ये या विचाराची स्पष्ट मांडणी स्विस डिझायनर कार्ल गेर्स्टनर यांनी केली. बाझेल शहरातील 'बोआत आ म्युझिक' या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानासाठी त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेल्या चिन्हात नावासोबतची चौकट उपलब्ध जागेप्रमाणे वाढू शकत असे. जाहिरातीचा आकार बदलला तरी चौकटीच्या वाढण्याची रीत बदलत नसे. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिझायनिंग प्रोग्राम्स' या त्यांच्या पुस्तकातील भूमिका अशी, की डिझायनरने एका समस्येचे एकच उत्तर देण्याऐवजी अनेक उत्तरे निर्माण करू शकणारी पद्धती रचावी.

या दृष्टीने घटकाधारित ओळखीचे तीन स्तर सांगता येतात. पहिला स्थिर घटकांचा : मूळ आकार, अक्षरवळण, ग्रिड. दुसरा परिवर्तनीय घटकांचा : रंग, माप, दिशा, चित्र. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, नियमांचा : काय, केव्हा आणि कोणत्या मर्यादेपर्यंत बदलावे. पहिले दोन स्तर डोळ्यांना दिसतात, तिसरा दिसत नाही. संस्थेची ओळख प्रत्यक्षात या तिसऱ्या स्तरावर टिकून असते.

कासा दा म्युझिका : वास्तूतून आलेला नियम

पोर्तुगालमधील पोर्टो शहर २००१ साली युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. त्या निमित्ताने योजलेले 'कासा दा म्युझिका' हे संगीतसभागृह २००५ मध्ये खुले झाले. वास्तुविशारद रेम कूलहास यांच्या ओएमए संस्थेने रचलेली ही इमारत पैलू पाडलेल्या प्रचंड दगडासारखी दिसते. २००७ मध्ये स्टेफन सॅगमायस्टर यांनी या संस्थेची दृश्य ओळख तयार केली.

इमारतीचे चित्र बोधचिन्हात वापरणे हा सरधोपट मार्ग टाळावा, असा सॅगमायस्टर यांचा आरंभी विचार होता. परंतु ही वास्तू स्वतःच चिन्हासारखी आहे, हे अभ्यासाअंती त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ती चार बाजूंनी, वरून आणि खालून अशा सहा दिशांनी पाहिली. या सहा आकृत्या हे स्थिर घटक ठरले. रंग हा परिवर्तनीय घटक ठरला आणि त्यासाठी खास संगणकप्रणाली तयार करण्यात आली. कार्यक्रमाशी संबंधित चित्र या प्रणालीत घातले, की ती त्यातील १७ बिंदूंवरील रंग निवडून बोधचिन्हाच्या पैलूंत भरते. बीथोव्हेनच्या चित्रावरून घडलेले चिन्ह एका छटेचे, तर समकालीन संगीताच्या छायाचित्रावरून घडलेले दुसऱ्या छटेचे असते. भित्तिपत्रकाचे चित्र आणि त्यावरील चिन्ह यांचा रंगमेळ त्यामुळे आपोआप साधतो.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ही विविधता अमर्याद भासत असली, तरी आकृत्या सहाच आहेत आणि शहरातील नागरिक त्या आकृत्यांची मूळ वास्तू रोज पाहत असतात. रंग कितीही बदलले, तरी ओळख हरवत नाही. बदलाला दिलेले स्वातंत्र्य स्थिर घटकाच्या बळावर अवलंबून असते, हे या उदाहरणातून दिसते.

विविधतेची मर्यादा

हे बळ अपुरे पडल्यास काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅब या संशोधनसंस्थेत सापडते. ती रूढ अर्थाने सांस्कृतिक संस्था नसली, तरी कला आणि तंत्रज्ञान यांच्या सीमेवर कार्य करते. २०११ मध्ये तिच्यासाठी तयार झालेल्या ओळखीत तीन प्रकाशझोतांच्या रचनेतून सुमारे ४०,००० रूपे निर्माण होऊ शकत होती. संस्थेतील प्रत्येक व्यक्तीला स्वतःचे स्वतंत्र चिन्ह मिळावे, अशी ही आकर्षक कल्पना होती. तथापि २०१४ मध्येच पेंटाग्राम संस्थेच्या मायकेल बिरुट यांनी तिच्या जागी नवी ओळख दिली. तीत ७ × ७ चौकोनांच्या ग्रिडवर 'एम' आणि 'एल' या अक्षरांचे एक कायम चिन्ह असून त्याच ग्रिडवर २३ संशोधनगटांची चिन्हे बेतलेली होती. रूपांची संख्या हजारोंवरून दोन डझनांवर आली. मात्र प्रत्येक रूपाला आता नेमका अर्थ होता.

ब्रिटनमधील टेट या कलासंस्थेचा प्रवासही याच दिशेने झाला. टेट मॉडर्न हे संग्रहालय २००० साली सुरू झाले, त्या सुमारास वुल्फ ओलिन्स संस्थेने टेटसाठी अस्पष्टतेकडून स्पष्टतेकडे सरकणारे बोधचिन्ह दिले. लंडनमधील दोन, तसेच लिव्हरपूल आणि सेंट आइव्ह्‌ज येथील संग्रहालये त्यामुळे एका नावाखाली आली. कालांतराने या चिन्हाच्या सुमारे ७५ आवृत्त्या वापरात होत्या. २०१६ मध्ये नॉर्थ या डिझाइनसंस्थेने त्या बाजूला ठेवून ठिपक्यांचे एकच चिन्ह निश्चित केले. मूळ कल्पना टिकली, पर्याय कमी झाले.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने मात्र एकाच घटकावर भर दिला. अॅमस्टरडॅमच्या एक्सपेरिमेंटल जेटसेट या गटाने २०१३ मध्ये दिलेल्या रचनेत 'डब्ल्यू' हे अक्षर केवळ एका बारीक नागमोडी रेषेने काढले जाते. कलाकृतीचे चित्र आणि मजकूर यांना लागणारी जागा सोडून उरलेल्या जागेत ही रेषा ताणली किंवा आकुंचित केली जाते. २०१५ मध्ये संग्रहालय रेन्झो पियानो यांनी रचलेल्या नव्या इमारतीत गेले, तेव्हाही हीच रेषा पुढे चालली. येथे संस्थेचे चिन्ह कलाकृतीशी स्पर्धा करीत नाही, तिला जागा करून देते.

रचनेची प्रक्रिया आणि देवनागरीचा प्रश्न

वरील उदाहरणांवरून रचनेचा क्रम सांगता येतो. प्रथम संस्थेच्या वर्षभरातील सर्व दृश्य गरजांची यादी करावी : प्रवेशिका, नामफलक, अहवाल, निमंत्रणपत्रिका, संकेतस्थळ. त्यानंतर संस्थेच्या वास्तूतून, संग्रहातून अथवा कार्यपद्धतीतून स्थिर घटक शोधावा. बाहेरून आणलेला आकार फार काळ टिकत नाही. मग बदलाची मर्यादा ठरवावी आणि शेवटी सर्वांत लहान व सर्वांत स्वस्त छपाईत रचना तपासावी. एकरंगी झेरॉक्स प्रतीत जी ओळख टिकत नाही, ती रंगीत भित्तिपत्रकावर कितीही शोभली तरी अपुरी होय.

मराठी संस्थांच्या संदर्भात आणखी एक अडचण संभवते. रोमन लिपीतील मोठी अक्षरे समान उंचीच्या चौकोनांत सहज बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार येतात, खाली उकार येतात आणि जोडाक्षरांची रुंदी बदलत राहते. रोमनसाठी आखलेल्या ग्रिडमध्ये देवनागरी बळेच बसविल्यास काना-मात्रा आखडतात आणि वाचनीयता बिघडते. यासाठी ग्रिडची आखणी आरंभापासूनच शिरोरेषा आधारभूत मानून करावी लागेल. अक्षरे सलग बांधणारी ही रेषा अडथळा न मानता स्थिर घटक मानल्यास तीच संस्थेच्या ओळखीचा पाया होऊ शकते.

निष्कर्ष

घटकाधारित ओळख म्हणजे अनेक बोधचिन्हांचा संच नव्हे. ती सातत्याने पाळावयाची शिस्त आहे. कासा दा म्युझिका येथे संगणकप्रणालीने, तर व्हिटनीमध्ये एका रेषेच्या साध्या नियमाने ही शिस्त सोपी केली. मीडिया लॅब आणि टेट यांना मात्र पर्याय कमी करावे लागले. म्हणून अशी ओळख स्वीकारण्यापूर्वी 'यातून किती रूपे निघतील' यापेक्षा 'हा नियम उद्या कोण पाळणार' हा प्रश्न संस्थेने स्वतःला विचारणे आवश्यक आहे. ज्या संस्थेत स्वतंत्र डिझायनर नाही आणि पत्रिका कार्यालयातील लिपिकालाच तयार करावी लागते, तेथे दोन घटक आणि एका पानात मावणारी नियमावली हीच योग्य मर्यादा ठरेल. डिझायनरचे काम संपल्यानंतरही जो नियम सामान्य कर्मचाऱ्याच्या हातून बिनचूक पाळला जातो, त्यालाच संस्थेची ओळख म्हणता येईल.